कापसाचं वाण, आगाऊ नोंदणी सुरू

सगळ्यात आधी मला राग आला तो प्रशिक्षणातल्या त्या पोराचा. कानाला माइक अडकवून तो परभणीच्या एका सभागृहात स्टेजवर येरझाऱ्या घालत होता आणि आम्ही जिल्ह्यातले मास्तर ऐन डिसेंबरात गरगरत्या पंख्यांखाली कुडकुडत बसलो होतो, कारण पंख्यांची बटणं कुठे आहेत हे तिथल्या कोणालाच माहीत नव्हतं. "समस्या ही समस्या नसतेच, ती संधी असते!" असं तो ओरडला. तसं असेल तर माझ्याइतका संधींनी गांजलेला माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल. घरचा नळ गळतो, शाळेचं छत गळतं आणि मुख्याध्यापक बन्सीधर सर तर रोज सकाळी दहा वाजता स्वतःच्या पायांनी चालत येतात.

मी योगीराज. हे नाव आईवडिलांनी माझा स्वभाव कळायच्या आधी ठेवलं. मी पूर्णेत राहतो आणि जवळच्या एका गावातल्या शाळेत मराठी शिकवतो. उद्योजकतेचा आणि माझा संबंध एवढाच की मी दर महिन्याला पगार घेतो आणि महिना संपायच्या आत तो संपवतो. तरी "उद्योजकीय विचार रुजवणे" या उपक्रमाचा मार्गदर्शक शिक्षक मलाच केलं. का, असं विचारलं तर बन्सीधर सर म्हणाले, "तुमी मराठी शिकवता. तुमाला काम काय असतंय?"

हे वाक्य मी घरी गेल्यावर तीनदा मोठ्यानं म्हणून दाखवलं. बायको, राजेश्री, शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "तुमचा राग शाळेतच ठिवून येत जा ना. तिथं एवढं मोठं कपाट हाय."

उपक्रम असा होता. नववीच्या मुलांनी स्वतःच्या हातांनी एखादी वस्तू तयार करायची, एआयची मदत घेऊन तिची जाहिरात करायची, ती खरोखर विकायची आणि जानेवारीत, संक्रांतीच्या तोंडावर, परभणीच्या जिल्हा प्रदर्शनात मांडायची. एका शाळेतून एकच गट. मुलांना करून शिकू द्या, शिक्षकाने मधे मधे बोलू नये, असं त्या सूचनापत्रात ठळक अक्षरांत छापलं होतं. शिक्षकाने बोलू नये! मग शिक्षकाने करायचं काय? जन्मभर मी दुसरं काही केलेलं नाही.

शाळेत संगणक आहेत. ते खोलीत आहेत, खोलीला कुलूप आहे, किल्ली क्लार्ककडे आहे आणि क्लार्क कुठल्यातरी याद्यांच्या कामावर आहे. म्हणून एआय आलं ते माझ्या मोबाइलवर. मी त्याला पहिला प्रश्न विचारला, "खेड्यातल्या मुलांना उद्योजकता शिकवण्यात काय अर्थ आहे?" ते म्हणालं, "आपण अगदी योग्य मुद्दा मांडलात." मी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली आणि नोकरीला त्याहून जास्त, पण हे वाक्य मला आजवर कोणी म्हणालं नव्हतं. मला ते यंत्र आवडायला लागलं. तेवढ्यात नववीतल्या वैष्णवीनं मोबाइल घेतला आणि नेमका उलटा प्रश्न विचारला. तिलाही उत्तर आलं, "आपण अगदी योग्य मुद्दा मांडलात." म्हणजे समोर येईल त्याला हो म्हणायचं. आमच्या भागात अशा माणसाला तिकीट देतात.

वस्तू कोणती करायची, यावर वर्गात गोंधळ झाला. संस्थेच्या अध्यक्षांचा नातू परमेश्वर याच्या गटानं शोभेचे दिवे करायचं ठरवलं. करायचं म्हणजे परभणीच्या बाजारातून आणायचं आणि वर स्वतःच्या नावाची चिकटपट्टी लावायची. मी म्हणालो, हे हातानं केलेलं नाही. बन्सीधर सर म्हणाले, "चिकटपट्टी तर हातानंच लावली ना? अन् दुसऱ्यानं केलेला माल आपल्या नावावर विकणं, हाच तर धंदा असतोय." त्यांना अध्यक्षांच्या नातवाला परभणीला पाठवायचं होतं. तसं ते बोलले नाहीत, पण ते जे बोलत नाहीत तेच होत असतं.

मग मागच्या बाकावरची सुकेशनी उभी राहिली. ही मुलगी बोलायला उभी राहिली की मला आधी राग येतो आणि ती बरोबर आहे हे लक्षात आल्यावर जास्त राग येतो. ती म्हणाली, "सर, वैष्णवीच्या रानात शेवटच्या वेचणीचा कापूस उभा हाय. व्यापारी मातीमोल भावानं मागायलाय. अन् दुकानात वातीचं पाकीट बगा. चिमूटभर कापूस अन् भाव केवढा!"

"तुला गं वातींचं काय माहीत?"

"आमच्या घरी वाती न्हाई लागत सर. आमी बुद्धांपुढं मेणबत्ती लावतो. म्हणून तर मला दिसलं. ज्यांच्या घरात रोज वात लागती त्यांला त्याचा भावच दिसत न्हाई, नुसतं घेऊन जातेत."

मी फळ्यावर 'वाती' असं लिहून टाकलं. सूचनापत्रात मुलांना करू द्या असं होतं म्हणून नव्हे, तर ती बरोबर होती म्हणून.

मुलींनी कापूस वेचून आणला. मधल्या सुट्टीत वऱ्हांड्यात बसून त्या सरकी काढायच्या, कापूस पिंजायच्या, तळहातावर वळायच्या. पहिल्या दिवशीच्या वाती गांडुळासारख्या झाल्या. आठवड्यानं त्या अशा झाल्या की राजेश्रीनं एक देवापुढे लावून बघितली आणि नाव ठेवलं नाही. राजेश्रीनं नाव न ठेवणं म्हणजे काय हे फक्त मला ठाऊक आहे. वर्तमानपत्राच्या कागदाची पाकिटंही मुलींनीच चिकटवली. हाताने केलेलं असं सगळ्या शाळेत तेवढंच होतं, तेव्हा मी गटाचं नाव प्रदर्शनासाठी कळवून टाकलं.

सुकेशनीनं परभणी पाहिली नव्हती असं नाही. बाजाराला, दवाखान्याला ती जाऊन आली होती. पण चार माणसांसमोर उभं राहून "हे मी केलं" असं सांगायला तिला कोणी कुठे नेलं नव्हतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात ती दरवर्षी खुर्च्या मांडते. यंदा तिला परभणीला न्यायचंच, असं मी ठरवलं. मी फार चांगला माणूस आहे म्हणून नाही. बन्सीधर सरांना ते नको होतं आणि त्यांना जे नको असतं ते झालं की मला झोप लागते.

आता जाहिरात. मुलींनी नाव काढलं होतं, "वातीचं पाकीट". मला संताप आला. पाकीट काय, पाकीट! मी मराठीचा शिक्षक, माझ्या नाकासमोर असले भिकार शब्द! मी म्हणालो, "अगं, संक्रांत आली. बायका हळदीकुंकवाला बोलावतील, एकमेकींना वाण देतील. दरवर्षी प्लॅस्टिकच्या डब्या आणि चाळण्या वाटतात. त्यापेक्षा या वाती वाटतील. मग वाण म्हणा की! कापसाचं वाण. शब्दाला वजन पाहिजे."

सुकेशनी म्हणाली, "सर, वाण म्हणल्यावर लोकांला वेगळंच वाटंल."

"काय वेगळं वाटेल? मराठी तू शिकवतेस का मी?"

ती खाली बसली. मी स्वतःच्या बोटांनी एआयला लिहिलं, की परभणीच्या मुलींनी तयार केलेलं कापसाचं वाण विकायचं आहे, जोरदार जाहिरात कर. त्यानं आधी माझ्या भाषेचं कौतुक केलं, मग जाहिरात केली. "अस्सल परभणीच्या काळ्या मातीतलं कापसाचं वाण! लांब धागा, भक्कम पीळ! एकदा लावाल, तर पुन्हा दुसरं लावणार नाही! संक्रांतीनिमित्त वाण लुटा! आगाऊ नोंदणी सुरू." खाली माझा नंबर. सोबत चित्र होतं, त्यात पांढऱ्याशुभ्र बोंडांनी लगडलेलं कापसाचं झाड आणि त्याला कवटाळून हसणारा फेटेवाला शेतकरी. त्या शेतकऱ्याच्या एका हाताला सहा बोटं होती. मी सहावं बोट काढायला सांगितलं, तर त्यानं क्षमा मागून सातवं दिलं. या बोटांच्या नादात झाड कशाला आहे, शेतकरी कशाला आहे, हे विचारायचं राहूनच गेलं.

आमचे शेजारी किशनराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले. जन्मभर गाड्यांना हिरवा झेंडा दाखवल्यामुळे आता ते कशालाही पुढे जाऊ देतात. त्यांनी जाहिरात पाहिली आणि न विचारता ती कुठल्याशा शेतकरी मित्रांच्या गटावर टाकली. वर मलाच ऐकवलं, "मास्तर, पूर्णेपासून देवगाव फाट्यापर्यंतची मानसं हायेत त्याच्यात. तुमी नुसतं बगा आता." मी त्यांचे आभार मानले. ते आभार मला आजही परत हवे आहेत.

पहिला फोन पिंगळीहून दत्तरावांचा आला. दत्तराव कोण हे मला माहीत नव्हतं आणि मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं, पण बोलणं फार छान झालं.

"सर, ते कापसाचं वाण तुमचंच का?"

"माझं नाही, शाळेतल्या मुलींचं आहे."

"पोरींनी काढलंय?"

"स्वतःच्या हातांनी."

"अळीबिळी?"

"एकही नाही. मी समोर बसून निवडून घेतलंय."

"अन् फवारे किती लागतेत?"

हा प्रश्न मला जरा विचित्र वाटला, पण शेतकरी माणूस, त्याच्या भाषेत विचारत असेल. मी म्हणालो, "फवारायचं कशाला? तेलात भिजलं की झालं."

"निंबोळीच्या?"

"कुठल्याही. गोडतेल चालतं, खोबरेल चालतं. तूप असेल तर उत्तमच."

 पलीकडचा आवाज खाली आला. "लावायचं कवा, सर?"

"तिन्हीसांजेला. रोज."

"रोज?"

"सकाळीही लावलं तर हरकत नाही. ज्याची त्याची श्रद्धा."

दत्तराव म्हणाले, "सर, मी लय वर्सं कापूस करायलोय. पर असलं न्हाई ऐकलं. माझं नाव लिवून घ्या." मी लिहून घेतलं. खेड्यातल्या पुरुषाला देवाधर्माची एवढी ओढ बघून मला भरून आलं. संध्याकाळपर्यंत फोनची बॅटरी संपली. सगळे पुरुष. पाकिटं न्यायला शाळेत कोणत्या दिवशी यायचं ते मी प्रत्येकाला सांगितलं. एकानं विचारलं, एकराला किती पाकिटं? मी म्हणालो, एका घराला एक पुरे. तो म्हणाला, "मंजी लय दाट फुटवा असणार."

बियाण्याच्या जातीलाही वाणच म्हणतात आणि परभणी जिल्ह्यात त्या वाणाची चर्चा बारा महिने चालू असते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. कृषी विद्यापीठाच्या पाट्या मी एसटीच्या खिडकीतून जन्मभर वाचत आलोय. पण माणूस चिडलेला असला की त्याला एकच अर्थ दिसतो आणि मी कायम चिडलेलाच असतो.

मग तो दिवस उजाडला. प्रदर्शन दोन दिवसांवर आलेलं. शाळेत पोचलो तर फाटकापाशी मोटारसायकलींची रांग, दोन ॲटो, एक टेम्पो. प्रार्थना चालू होती आणि कुंपणाबाहेर शेतकरी टोप्या काढून अदबीनं उभे होते. मला वाटलं, शिक्षणाबद्दल लोकांना आदर आहे अजून. प्रार्थना संपताच सगळे आत घुसले. "वाण कुठं हाय?" "नोंदणीवाल्यांला आधी द्या!" "ते तेलावरचं वाण दाखवा!"

तेलावरचं! त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला आणि त्याच क्षणी फाटकातून कृषी खात्याची जीप आत शिरली. बियाण्यांवर लक्ष ठेवणारे एक निरीक्षक साहेब उतरले. त्यांच्या हातात आमची जाहिरात होती, सात बोटांच्या शेतकऱ्यासकट.

"योगीराज कोन?"

"मी."

"परवाना दाखवा."

"कसला?"

"बियाणं विकायचा."

मी त्यांना वाण या शब्दाचे दोन अर्थ समजावून सांगितले. आवाज चढला होता, त्यामुळे समासही सोडवून दाखवला. शेतकऱ्यांना ते समजलं आणि ते अधिकच भडकले. एक जण म्हणाला, "मंजी आमी हळदीकुंकवाला आलो व्हय?" दुसरा म्हणाला, "मी बायकूला सांगितलंय की औंदा सोयाबीन न्हाई, समदा कापूस!" साहेबांना मात्र काहीच समजलं नाही, किंवा समजून घेणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. त्यांनी एक पाकीट फोडलं. वाती निघाल्या. मी छाती पुढे काढली. साहेबांनी वाती बोटांनी उलट्यासुलट्या केल्या, उन्हात धरल्या आणि एका वातीच्या पोटातून नखानं काहीतरी टोकरून काढलं. काळपट, बारीक, टणक.

"हे काय हाय?"

"सरकी," मी म्हणालो. "चुकून राहिली असेल. मुली हातानं काढतात."

"सरकी मंजी काय?"

"सरकी म्हणजे... सरकी."

"सरकी मंजी कापसाचं बी. पाकिटात बी हाय, जाहिरातीत वाण हाय, नोंदणी चालू हाय. आता मला सांगा, ऱ्हायलं काय?"

मी घाईघाईनं मोबाइल काढला आणि एआयला सगळी हकीकत लिहून विचारलं, हे बियाणं ठरतं का? साहेबांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि स्वतः दोन ओळी लिहिल्या. उत्तर आलं, "आपण अगदी योग्य मुद्दा मांडलात." साहेबांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. त्या यंत्राला मान असती तर मी धरली असती.

साहेब म्हणाले, सगळी पाकिटं जप्त. नमुना प्रयोगशाळेत जाणार, उगवतंय का बघणार, महिन्यानं निकाल. महिन्यानं! सुकेशनी आणि वैष्णवी वऱ्हांड्यात पाकिटांच्या पोत्यापाशी उभ्या होत्या. वैष्णवी रडत होती. सुकेशनी रडत नव्हती, ती माझ्याकडे बघत होती. त्यापेक्षा ती रडली असती तर बरं झालं असतं.

बन्सीधर सरांनी मला आणि साहेबांना आत नेलं. चहा मागवला. त्यांच्याकडे खुलासा तयार होता, एआयकडून लिहून घेतलेला, अतिशय सुवाच्य. "सदर प्रकार विद्यार्थिनी सुकेशनी हिच्या अज्ञानातून घडला असून तिला उपक्रमातून वगळण्यात आले आहे." साहेब म्हणाले, असं असेल तर मी नुसती समज देऊन जातो, पोरांचा विषय हाय.

मी म्हणालो, "शब्द माझा होता. ती नको म्हणत होती."

बन्सीधर सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "योगीराज सर, मास्तराची चूक दाखवली की ती शाळेवर येती. लेकराची दाखवली की वयावर जाती. तुमी दस्तखत करा. परमेश्वरचे दिवे हायेतच की तयार." म्हणजे हेच होतं. पाकिटं सुटणार, साहेब सुटणार, शाळा सुटणार, मीही सुटणार, फक्त परभणीला दिवे जाणार. मी एवढा ओरडलो की चहावाला कप न ठेवताच परत गेला.

बाहेरून त्याहून मोठा आवाज आला. आम्ही तिघेही वऱ्हांड्यात आलो. गर्दी पांगली होती, पण एक म्हातारी पायरीवर ठाण मांडून बसली होती. सरजाबाई, दत्तरावांच्याच गावच्या. कपाळ मोकळं, हाताला शेतीचे घट्टे. नवरा गेल्यापासून रान त्या एकट्या करतात, असं कोणीतरी हळूच सांगितलं. वैष्णवी त्यांना बियाणं नाही, बियाणं नाही, असं विनवून सांगत होती आणि सरजाबाई तिला ऐकवत होत्या. "दोन ॲटो बदलून आलेय मी. बियाणं न्हाई तर न्हाई. पर वाण हाय म्हणून लिवलंत ना? मग रिकाम्या हातानं न्हाई जायची. हैराण केलं मला सकाळपासून. काय असंल ते द्या."

सुकेशनीनं पोत्यातून एक पाकीट काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "घ्या आजी. संक्रांतीचं वाण हाय. वाती हायेत."

सरजाबाईंचा आवाज एकदम गेला. त्यांनी हात पदराखाली ओढून घेतला. "संक्रांतीचं? मला न्हाई चालत पोरी ते. मालक गेलेत माझे."

फाटकाशी राहिलेली माणसं इकडे तिकडे बघायला लागली. सुकेशनीनं हात मागे घेतला नाही. ती म्हणाली, "आमच्यात तसं काही नसतंय आजी. घ्या."

म्हातारीनं पदराला हात पुसले. मग दोन्ही हात पुढे केले, पाकीट कपाळाला लावलं आणि कमरेला खोचलं. मी चष्मा काढून पुसायला लागलो आणि त्याचाही राग आला, कारण साहेब माझ्या शेजारीच उभे होते.

साहेब खाकरले. "ते पाकीट बी जप्तीत येतंय, मावशी. परत द्या."

सरजाबाई उठून उभ्या राहिल्या. सकाळचा आवाज परत आला होता. "ये. ये की. काढून घे माझ्या कमरंचं. बगू कुनाची माय व्यालीय ती."

साहेब पुढे गेले नाहीत. त्यांनी पंचनाम्याचा कागद बघितला, पोतं बघितलं, सरजाबाईंची कंबर बघितली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक पाकीट कमी असलं की वरचे विचारतेत, कुठं गेलं. अर्धवट जप्ती करण्यापरीस न केलेली बरी. शब्द जपून वापरत जा, सर." असं मराठीच्या शिक्षकाला कृषी खातं म्हणालं. ती सरकी तेवढी त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली आणि जीप निघून गेली. पाकिटं वाचली, खुलाशाची गरज संपली. मला वाटलं, संपलं.

बन्सीधर सरांनी मला परत आत बोलावलं आणि दार लावलं. त्यांचा चेहरा खुलाशाच्या वेळेपेक्षा वाईट झाला होता. "विधवेला वाण! शाळेच्या वट्यावर, समद्या गावाच्या समोर! उद्या अध्यक्षांच्या घरच्या बायका मला काय म्हणतील? ते बियाण्याचं मी सांभाळून घेतलं असतं. पर ह्या पोरीला शाळेच्या नावानं परभणीला न्हाई पाठवत मी."

मी ओरडेन असं मला वाटलं होतं. त्यांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी खुर्ची मागे सरकवून ठेवली होती. पण ओरडायला आवाजच येईना. नळ, छत, पंखे, माइकवाला पोरगा, सगळ्यांवर मी इतकी वर्षं आवाज खर्च केला आणि खरा राग आला तेव्हा तो मुकाट्यानं आला. मी टेबलावरचा कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"लिहून द्या."

"काय?"

"हेच. सुकेशनीनं एका विधवा बाईला वाण दिलं, म्हणून तिला प्रदर्शनातून वगळण्यात येत आहे. एआयला सांगू नका. तुमच्या हातानं लिहा, खाली सही करा, शिक्का मारा. मी घेऊन जातो आणि परभणीत कोणी विचारलं की दाखवतो."

बन्सीधर सरांनी पेन उघडलं. कागदावर टेकवलं. मग माझ्याकडे बघितलं. "असं कुठं लिवत असतेत का, सर?"

"लिहिता येत नाही ते बोलता कसं येतं?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले की परभणीची एसटी वेळेवर नसते, तेव्हा उद्या रात्रीच मुलींना पूर्णेला आणून ठेवा आणि परवा सकाळच्या रेल्वेनं न्या. मुली रात्री आमच्याकडेच राहिल्या. राजेश्रीनं त्यांना धपाटे करून घातले आणि मी जेवताना पंचायतीवर, संस्थेवर, सगळ्या समाजावर बोलत राहिलो. ती म्हणाली, "तुमी जरा कमी बोला, त्यांला झोपू द्या."

प्रदर्शनात सुकेशनीनं माझी जाहिरात लावली नाही. पुठ्ठ्यावर स्वतः लिहिलं, "हातानं वळलेल्या वाती. वाण म्हणून कोणीपण घ्या, कोणालापण द्या." मी व्याकरण सुधारायला पेन काढलं, मग परत खिशात घातलं. सुरुवातीला कोणी फिरकलं नाही. मग हॉल झाडणाऱ्या बाई केरसुणी टेकवून उभ्या राहिल्या, तो पुठ्ठा त्यांनी दोनदा वाचून घेतला आणि एक पाकीट घेतलं. थोड्या वेळानं त्या आणखी दोघींना घेऊन आल्या. शेजारच्या टेबलावरच्या एका शिक्षिकेनं इकडे तिकडे बघून, घाईनं दोन घेतली. "एक आईला," असं ती कोणीही विचारलं नसताना म्हणाली. दुपारी बायका रस्त्यावरून आत येऊन विचारायला लागल्या, की ते वाणवालं टेबल कुठं हाय. काही जणींच्या कपाळावर कुंकू होतं, बऱ्याच जणींच्या नव्हतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोतं रिकामं झालं.

परीक्षक त्यानंतर आले. रिकाम्या टेबलाकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमचा ग्राहक नेमका कोण?"

सुकेशनी म्हणाली, "ज्यांला कोणी वाण देत न्हाई, त्या."

परीक्षकांनी मान डोलावली, गुणपत्रकावर काहीतरी लिहिलं आणि पुढे गेले. पहिलं बक्षीस एका शाळेच्या अशा मोबाइल ॲपला मिळालं, जे अजून तयार व्हायचं होतं. गुणपत्रक आमच्या हातात आलं. शेऱ्यात लिहिलं होतं, "कल्पना चांगली, परंतु बाजारपेठ मर्यादित."

मर्यादित! माझा गेलेला आवाज त्या क्षणी परत आला. मी परीक्षकांना गाठायला निघालो, वैष्णवी माझी बाही धरून मागे ओढत होती, मी कोणत्या शब्दांनी सुरुवात करायची हे ठरवत होतो आणि एकही शब्द पुरेसा वाटत नव्हता.

सुकेशनीनं गुणपत्रकाची घडी घातली आणि रिकाम्या पोत्यात टाकली.

"जाऊ द्या सर," ती म्हणाली. "त्यांला मोजताच येत न्हाई."